मिल्मन पॅरी : तबकड्या, टाचणे आणि अपुरा ग्रंथ

मौखिक साहित्याच्या चर्चेत मिल्मन पॅरी (१९०२–१९३५) यांचे नाव बहुधा एकटे येत नाही. ‘पॅरी-लॉर्ड सिद्धांत’ असा जोडउल्लेख अभ्यासकांच्या तोंडी रुळला आहे. या सिद्धांताची ओळख बहुतेकांना ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) या ग्रंथातून होते. तो ग्रंथ मात्र पॅरी यांचा नसून त्यांचे शिष्य आल्बर्ट लॉर्ड यांचा आहे. पॅरी यांनी स्वतः हयातीत दोन फ्रेंच प्रबंध आणि मोजके शोधलेख एवढेच प्रसिद्ध केले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते गेले, तेव्हा त्यांच्या संकल्पित ग्रंथाची थोडीच पाने लिहून झालेली होती. मागे उरले ते निराळ्याच स्वरूपाचे साहित्य : साडेतीन हजारांहून अधिक ॲल्युमिनियमच्या ध्वनिमुद्रित तबकड्या, शेकडो वह्यांतून उतरवून घेतलेली गीते, गायकांशी झालेल्या संभाषणांच्या नोंदी आणि प्रवासात केलेली टाचणे. हार्वर्ड विद्यापीठाच्या वायडनर ग्रंथालयात ‘मिल्मन पॅरी मौखिक साहित्य संग्रह’ या नावाने हे सारे जतन झाले. पॅरी यांचे खरे कर्तृत्व त्यांच्या प्रबंधांइतकेच, किंबहुना अधिक, या संग्रहाच्या घडणीत आहे. स्वतःच्या सिद्धांतास अनुकूल तेवढेच टिपावे हा मोह त्यांनी टाळला. सिद्धांताची परीक्षा इतरांना घेता यावी, प्रसंगी तो मोडताही यावा, अशा रीतीने त्यांनी सामग्री गोळा केली.

पॅरी यांचा जन्म २३ जून १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. वडील औषधविक्रेते होते. घरात विद्वत्तेची परंपरा असल्याचे दिसत नाही. ग्रीक भाषेची गोडी लागली ती बर्कलीच्या विद्यापीठात. तेथेच १९२३ मध्ये त्यांनी एम.ए. पदवीसाठी होमरच्या शैलीवर छोटा प्रबंध लिहिला. पुढील बारा वर्षांत त्यांनी जे मांडले त्याचे बीज या विद्यार्थिदशेतील लेखनात स्पष्ट दिसते. होमरची शैली एका व्यक्तीची निर्मिती नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या गायकांनी घासूनपुसून सिद्ध केलेले ते साधन आहे, ही जाण तेथे आहे. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला आणि लवकरच ते पत्नी व तान्ह्या मुलीसह पॅरिसला गेले.

त्या काळी होमरविषयक अभ्यासाची स्थिती काय होती हे ध्यानात घेतल्याखेरीज पॅरी यांच्या प्रबंधांचे महत्त्व कळत नाही. १७९५ मध्ये फ्रीडरिश आउगुस्ट वोल्फ यांनी ‘इलियड’ व ‘ओडिसी’ यांच्या एककर्तृत्वावर शंका घेतली. तेव्हापासून विद्वानांचे दोन तट पडले होते. एक तट काव्यांची चिरफाड करून जुने थर व नवे थर वेगळे काढी. दुसरा तट एका प्रतिभावान कवीची एकसंध कृती म्हणून त्यांचे समर्थन करी. प्रक्षेप कोणते आणि मूळ कोणते, हा वाद महाभारताच्या किंवा ज्ञानेश्वरीच्या पाठचर्चेशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला अनोळखी वाटणार नाही. पॅरी यांनी या वादात कोणाचीच बाजू घेतली नाही. कवी कोण आणि किती, हा प्रश्न बाजूस सारून, ओळ कशी तयार होते, हा प्रश्न त्यांनी विचारला.

त्यासाठी त्यांनी निवडली ती नामांना जोडून येणारी ठरीव विशेषणे. अकिलीझ तळावर स्वस्थ बसलेला असला तरी तो शीघ्रपादच असतो. नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असली तरी ती वेगवान असते. रसिक टीकाकार अशा स्थळी औचित्य शोधत, ते न सापडल्यास कवी डुलक्या घेत असल्याचे म्हणत. पॅरी यांनी सर्व उदाहरणे मोजून दाखवून दिले की, विशेषणाची निवड अर्थावर अवलंबून नसून वृत्तावर अवलंबून आहे. होमरच्या षड्गणी वृत्तात ओळीचा जेवढा भाग भरून काढायचा असेल तेवढ्याच मापाचे नाम-विशेषण त्या नायकासाठी सिद्ध असते, आणि एका मापासाठी सहसा एकच असते. ही रचना इतकी विस्तृत व इतकी काटकसरीची आहे की, ती कोणा एकाची असणे शक्य नाही. महाभारताच्या अनुष्टुभात अर्जुनासाठी पार्थ, कौन्तेय, धनंजय, सव्यसाची अशी नावे येतात. तेथे दर वेळी अर्थच्छटा शोधण्याआधी चरणात किती अक्षरे उरली आहेत आणि त्यांतील लघुगुरुक्रम कसा आहे हे पाहावे, असे या पद्धतीचे सांगणे आहे. अर्थात दोन्ही वृत्तांची घडण भिन्न असल्याने एकीचे निष्कर्ष दुसरीवर जसेच्या तसे लादता येत नाहीत.

१९२८ मध्ये सॉर्बोन येथे त्यांनी दोन प्रबंध सादर केले. मोठा प्रबंध होमरमधील परंपरागत विशेषणांवर होता, छोटा सूत्रे व वृत्तदोष यांच्या संबंधावर. लक्षणीय गोष्ट अशी की, या दोन्हींत होमरची शैली ‘परंपरागत’ ठरवली आहे. ती ‘मौखिक’ होती असे प्रतिपादन तेथे नाही. ही उणीव दाखवून दिली ती परीक्षक-मंडळातील प्रसिद्ध भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी. प्रागचे स्लाव्हविद्यातज्ज्ञ मातिया मुर्को त्याच सुमारास पॅरिसमध्ये युगोस्लाव्हियातील लोकमहाकाव्यांवर व्याख्याने देत होते. व्याख्यानांचे भित्तिपत्रक पॅरी यांच्या दृष्टीस पडले होते, पण आपल्या विषयाशी त्याचा काही संबंध असेल असे त्यांना वाटले नाही. मेये यांच्यामुळे मुर्को पॅरी यांच्या मौखिक परीक्षेला उपस्थित राहिले. पुढे पॅरी यांनीच ही हकीकत आपल्या टाचणांत प्रांजळपणे नोंदवून ठेवली असून, मौखिक काव्याकडे वळण्याचे श्रेय मुर्को यांच्या लेखनाला दिले आहे.

अमेरिकेत परतल्यावर एक वर्ष आयोवातील ड्रेक विद्यापीठात आणि नंतर हार्वर्डमध्ये त्यांनी अध्यापन केले. १९३० व १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन दीर्घ लेखांत परंपरेकडून मौखिकतेकडे त्यांचा प्रवास पूर्ण झाला. पहिल्या लेखात ‘इलियड’ व ‘ओडिसी’ यांच्या आरंभीच्या पंचवीस-पंचवीस ओळी घेऊन, अन्यत्र जशीच्या तशी येणारी पदावली अखंड रेषेने आणि त्याच साच्यावर बेतलेली पदावली तुटक रेषेने अधोरेखित केली आहे. रेषेवाचून सुटलेले शब्द फारच थोडे. परंतु हा पुरावा शेवटी छापील संहितेचाच होता. होमरच्या काळचे गायन ऐकण्याचा मार्ग नाही. तेव्हा जेथे गायक अजून जिवंत आहेत तेथे जाऊन, लिहिता न येणारा माणूस हजारो ओळी कशा रचतो हे पाहणे, एवढाच उपाय उरला. ग्रीक भाषेच्या अध्यापकाने ग्रंथालय सोडून बाल्कन पर्वतांतील कॉफीगृहांत जाऊन बसावे, ही त्या काळी विक्षिप्तपणात जमा होणारी गोष्ट होती.

१९३३ च्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा युगोस्लाव्हियात गेले. याच वर्षी पुण्यात भांडारकर संस्थेत वि. सी. सुकथनकर यांनी महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे आदिपर्व पूर्ण केले. त्याच्या प्रस्तावनेत, ही संहिता आरंभापासूनच प्रवाही असल्याने ग्रीक-लॅटिन ग्रंथांना लावले जाणारे मूळ प्रत शोधण्याचे नियम तिला सरसकट लागू पडत नाहीत, याची स्वच्छ जाणीव आहे. एकाच सुमारास दोन भिन्न ठिकाणी महाकाव्यसंहितेच्या स्थिरतेविषयीची गृहीते ढासळत होती. सुकथनकरांना हस्तलिखितांचा मार्ग मोकळा होता. पॅरी यांना तो नव्हता.

दुसरा, मोठा प्रवास १९३४ च्या जूनपासून १९३५ च्या सप्टेंबरपर्यंत चालला. या वेळी पत्नी व दोन्ही मुले दुब्रोव्हनिक येथे बिऱ्हाड करून राहिली होती. नुकतेच पदवीधर झालेले लॉर्ड साहाय्यक म्हणून सोबत होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कनेटिकटमधील एका कंपनीकडून खास बनवून घेतलेले ध्वनिमुद्रणयंत्र या वेळी बरोबर होते. मुर्को यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच फोनोग्राफचा उपयोग केला होता, पण त्यावर गीतांचे लहान तुकडेच मावत. तबकडी अवघ्या काही मिनिटांत भरते. ती बदलेपर्यंत गायकाने थांबावे लागले तर ज्या ओघाचा अभ्यास करायचा तोच तुटतो. पॅरी यांच्या यंत्राला दोन फिरत्या थाळ्या होत्या. एकीवरील तबकडी भरत आली की ध्वनी दुसरीकडे वळवायचा आणि मधल्या वेळात पहिलीवर नवी तबकडी चढवायची. गावांत वीज नव्हती. ती मोटारीच्या विद्युत्‌घटावरून घेतली जाई. हजारो ओळींचे सलग गायन मुद्रित होऊ शकले ते या साध्या युक्तीमुळे.

गायकांच्या निवडीतही विचार होता. ख्रिस्ती गायकांची गीते तुलनेने आखूड होती. शिवाय वुक कराजिच यांनी एकोणिसाव्या शतकात छापलेल्या लोकगीतसंग्रहांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला होता. अनेक जण छापील संहिता पाठ करून म्हणत. मुसलमान गायकांत दीर्घ रचनेची परंपरा टिकून होती. रमजानच्या महिन्यात कॉफीगृहांतून रात्रीमागून रात्र गायन चाले, आणि एकतारी ‘गुसले’ या वाद्यावर गाणारा गायक महिनाभर पुरतील इतकी गीते जवळ बाळगून असे. श्रोते उठून जातात, भांडतात, पुन्हा येतात. त्यांच्या धीराप्रमाणे कथा लांबते किंवा आखडते. हे प्रत्यक्ष पाहिल्यामुळे पॅरी यांच्या दृष्टीत एक महत्त्वाचा बदल झाला. सूत्र हे त्यांना पूर्वी वृत्ताची गरज म्हणून दिसत होते. आता ते श्रोत्यांसमोर, न थांबता, वेगाने रचना करण्याचे साधन म्हणून दिसू लागले.

या साऱ्यात निकोला वुयनोविच यांचा वाटा किती होता हे संग्रहातील संभाषणे वाचल्यावरच कळते. हर्झेगोव्हिनातील स्तोलात्स येथील हा गवंडी स्वतः गुसलेवर गाणारा होता. गायकांना शोधणे, त्यांना बोलते करणे, सांगितलेली गीते भराभर उतरवून घेणे ही कामे त्यांचीच. पॅरी यांनी प्रश्नांचा आराखडा करून द्यावा आणि वुयनोविच यांनी गायकाच्या भाषेत, त्याच्या कलाने, कधी थट्टा करीत तो प्रश्न घालावा, अशी रीत होती. ही संभाषणेही तबकड्यांवर घेतली गेली. गाणे कोणाकडून शिकलास, किती वेळा ऐकल्यावर म्हणू लागलास, दुसऱ्याने म्हटलेले आणि तुझे यांत फरक काय, असे हे प्रश्न आहेत. नुसती गीते गोळा करणारे पुष्कळ झाले आहेत. मराठीतही १८९१ मध्ये ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा मोलाचा संग्रह सिद्ध केला. परंतु गायकाची स्वतःच्या कलेविषयीची समजूत हा संग्रहाचा विषय मानणे ही पॅरी यांची खास दृष्टी होय. संग्रहाला केवळ पॅरी यांचे नाव आहे, हे संग्रहालयांच्या रूढीला धरून असले तरी न्यायाचे नाही.

नोवी पाझार येथील जेमाइल झोगिच यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. झोगिच कॉफीगृह चालवीत व स्वतःही गात. दुसऱ्या गायकाकडून ऐकलेले गाणे आपण शब्दशः तसेच म्हणतो, त्यात काहीही घालत नाही वा गाळत नाही, अशी त्यांची ग्वाही संभाषणात आहे. ज्यांच्याकडून त्यांनी ते गाणे घेतले त्या सुल्यो माकिच यांचेही गायन संग्रहात असल्याने दोन्ही ताडून पाहता येतात. त्यांत शब्दांचाच नव्हे, तपशिलांचाही फरक आहे. गायक खोटे बोलत होता काय? तसे नव्हे. ‘शब्द’ म्हणजे काय असे विचारले असता हे गायक कधी पूर्ण ओळ, कधी संपूर्ण उक्ती सांगत. लिहिता-वाचता येणाऱ्याच्या मनातील सुट्या, मोजता येणाऱ्या शब्दाची कल्पनाच तेथे नव्हती. ‘शब्दशः’ म्हणजे कथेशी इमान राखून, एवढाच त्यांचा आशय होता. लोकगीतांच्या क्षेत्रीय अभ्यासात निवेदकाच्या विधानांवर विसंबणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळातून वाचावे.

१९३५ च्या उन्हाळ्यात माँटेनेग्रोतील बियेलो पोल्ये येथे अव्दो मेजेदोविच भेटले. व्यवसायाने खाटीक, उस्मानी फौजेत शिपाईगिरी केलेले, निरक्षर, वयाने साठीच्या आसपास. आवाज विशेष गोड नव्हता. पण रचनेचे सामर्थ्य असे की, पॅरी यांना आपण ज्याच्या शोधात आलो तो हाच, अशी खात्री पटली. ‘स्माइलागिच मेहो याचे लग्न’ हे त्यांनी वुयनोविच यांना जुलैमध्ये दिवसामागून दिवस सांगितलेले काव्य १२,३११ ओळींचे भरले. ‘ओडिसी’ची लांबी साधारण एवढीच आहे. आणखी एक काव्य तेरा हजार ओळींच्या पुढे गेले. पॅरी यांनी एक प्रयोगही केला. मुमिन व्लाहोव्ल्याक या गायकाला, अव्दो यांना ठाऊक नसलेले एक गीत त्यांच्या समक्ष म्हणावयास सांगितले आणि ते संपताच अव्दो यांना तेच गीत म्हणण्याची विनंती केली. मुमिन यांच्या २,२९४ ओळींच्या ठिकाणी अव्दो यांच्या ६,३१३ ओळी झाल्या. कथा तीच, परंतु पात्रांची वेशभूषा, घोड्यांचे साज, मनातील उलाघाल यांचा विस्तार अव्दो यांचा होता.

येथे दोन गोष्टी दुर्लक्षून चालणार नाहीत. पॅरी यांनी अव्दो यांना हवे तितके लांबवण्याची मुभा दिली, त्यांच्या वेळेचा मोबदला दिला आणि सांगताना विश्रांतीही दिली. कॉफीगृहातील श्रोत्यांपुढे बारा हजार ओळी कधी म्हटल्या गेल्या असत्या असे मानण्यास आधार नाही. म्हणजे होमरच्या लांबीचे हे काव्य काही अंशी संग्राहकाच्या उपस्थितीतून जन्मले. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ‘स्माइलागिच मेहो’ची कथा अव्दो यांनी ऐकली ती कोणा गायकाकडून नव्हे. एका परिचिताने छापील पुस्तकातून ती त्यांना काही वेळा वाचून दाखविली होती. त्या पुस्तकातील गीत सुमारे दोन हजार ओळींचे आहे. निरक्षर गायकाच्या मौखिक प्रतिभेचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून ज्याचा दाखला दिला जातो, त्या काव्याच्या मुळाशी छापील पान आहे! शुद्ध मौखिकतेचा आग्रह धरणाऱ्या संग्राहकाने हे संभाषण गाळले असते, किंवा ते गाणेच बाजूस ठेवले असते. पॅरी यांनी ते विचारले आणि जपून ठेवले. लेखन व मौखिकता यांच्यामध्ये पॅरी यांच्या अनुयायांनी पुढे जी भिंत उभी केली ती डळमळीत करणारे साधन त्यांच्याच संग्रहातून निघाले, ते यामुळेच.

वीरकाव्यांच्या या प्रभेत संग्रहाचा दुसरा भाग झाकोळला गेला. संग्रहातील बारा हजारांहून अधिक संहितांपैकी बहुसंख्य संहिता वीरकाव्यांच्या नसून स्त्रियांच्या छोट्या गीतांच्या आहेत. गात्स्को परिसरात त्या मोठ्या प्रमाणावर उतरवून घेतल्या गेल्या. पॅरी यांच्या विवेचनात या गीतांना फारसे स्थान नाही. होमरच्या प्रश्नाशी त्यांचा धागा त्यांना जुळवता आला नाही, किंवा तेवढा अवधी मिळाला नाही. जात्यावरच्या ओवीचा अभ्यास ज्या भाषेत इतक्या आस्थेने झाला आहे तिच्या वाचकाला ही उपेक्षा खटकल्यावाचून राहणार नाही. तरीही त्यांनी ही गीते घेतली, काही तबकड्यांवरही मुद्रित केली, याची नोंद करावयास हवी.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात दुब्रोव्हनिक येथे पॅरी यांनी आपली निरीक्षणे तोंडी सांगून लिहून घेतली होती. मागच्या पिढीतील एका विख्यात अंध गायकाच्या नावावरून त्यांना ‘च्योर हुसो’, म्हणजे आंधळा हुसो, असे शीर्षक दिले होते. हा गायक पॅरी यांनी पाहिलेला नव्हता. अनेक गायक आपली गीते त्याच्याकडून आल्याचे सांगत. सर्व चांगली गीते ज्याच्या नावावर जमा होतात असा हा दंतकथेतील पुरुष पॅरी यांना होमरच्या जवळचा वाटला, यात नवल नाही. सप्टेंबर १९३५ मध्ये सर्व सामग्री घेऊन ते परतले आणि नव्या ग्रंथाची प्रस्तावना लिहू लागले. ग्रंथाचे नाव ठरले होते : ‘द सिंगर ऑफ टेल्स’.

३ डिसेंबर १९३५ रोजी लॉस एंजेलिस येथील हॉटेलात सामान उघडताना पेटीतील पिस्तुलाची गोळी सुटून त्यांचा मृत्यू झाला. अपघाती मृत्यू अशी त्याची नोंद झाली. हार्वर्डमधील त्यांच्या भवितव्याविषयीच्या अफवांची सांगड घालून पुढे नाना तर्क झाले. ते तर्कच राहिले आहेत. त्यांच्या विद्वत्तेच्या आकलनात त्या चर्चेने काडीचीही भर पडत नाही.

संग्रह हार्वर्डच्या स्वाधीन झाला, पण तबकड्या आपण होऊन बोलत नाहीत. वुयनोविच यांना १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आणून तबकड्यांवरील गीते लिहून काढण्याचे काम सोपवण्यात आले. १९४१-४२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बेला बार्तोक यांनी स्त्रियांच्या गीतांपैकी ७५ गीतांचे स्वरलेखन केले. मायदेश सोडून आलेल्या, अर्थचिंतेने व आजाराने गांजलेल्या या थोर संगीतकाराने प्रत्येक श्रुतीचा, प्रत्येक कंपाचा वेध घेत हे काम केले. ते पुस्तकरूपाने आले १९५१ मध्ये, बार्तोक यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी. ज्या गीतांना पॅरी यांच्या सिद्धांतात जागा नव्हती त्यांना अशा रीतीने पहिला मोठा अभ्यासक लाभला. लॉर्ड यांनी १९५० व १९५१ मध्ये पुन्हा त्या प्रदेशात जाऊन जुन्याच गायकांकडून जुनीच गीते नव्याने मुद्रित केली. झोगिच यांचे तेच गाणे सतरा वर्षांच्या अंतराने दोनदा उपलब्ध झाले. वृद्ध, आजारी अव्दो यांनीही ‘स्माइलागिच मेहो’ पुन्हा सांगितले. ते आठ हजार ओळींच्या पुढे गेले. गुरूच्या अपुऱ्या ग्रंथाचे नाव शिष्याने १९६० मध्ये आपल्या ग्रंथाला दिले. पॅरी यांचे प्रबंध, लेख आणि ‘च्योर हुसो’तील निवडक भाग त्यांचे पुत्र ॲडम पॅरी यांनी १९७१ मध्ये ‘द मेकिंग ऑफ होमेरिक व्हर्स’ या नावाने संपादित केले. वडील गेले तेव्हा ते सात वर्षांचे होते. ग्रंथ निघाला त्याच वर्षी तेही फ्रान्समध्ये अपघातात पत्नीसह मरण पावले.

संग्रहातील तबकड्या टिकून राहिल्याचे महत्त्व अलीकडील एका संपादनाने ठळक झाले. जॉन माइल्स फोली यांनी २००४ मध्ये हलिल बायगोरिच या गायकाच्या गीताची आवृत्ती काढताना वुयनोविच यांचे जुने लिप्यंतर मूळ ध्वनीशी ताडून पाहिले. जागोजागी फरक आढळले. परंतु हे फरक निष्काळजीपणाचे नव्हते : वुयनोविच यांनी गाळलेले वा बदललेले शब्दही परंपरेच्या सूत्रांत नेमके बसतात. लिहून घेणारा स्वतः गायक होता. ऐकता ऐकता, लिहिता लिहिता तो पुन्हा गात होता. फोली यांनी त्याला पुनर्गायन असेच म्हटले आहे. तबकडी नसती तर हे कधीच कळले नसते, आणि वुयनोविच यांची संहिता बायगोरिच यांची म्हणून चालत राहिली असती. हस्तलिखितांतील लेखनिकांचे पाठभेद प्रमाद म्हणून बाजूस सारण्याची सवय असलेल्या पाठचिकित्सेने यावर थांबून विचार करावा.

गीते देशाबाहेर नेण्याविषयीचा आक्षेपही दुर्लक्षणीय नाही. गायकांच्या वारसांना आपल्या आजोबांचा आवाज ऐकण्यासाठी समुद्रापलीकडे पाहावे लागावे, ही विषमता खरीच. संग्रहाचा मोठा भाग संगणकीय रूपात खुला झाल्याने ती काहीशी कमी झाली आहे. दुसरीकडे, ऑगस्ट १९९२ मध्ये सारायेवोचे राष्ट्रीय व विद्यापीठ ग्रंथालय तोफांच्या माऱ्यात जळाले आणि लक्षावधी ग्रंथांची राख झाली. बोस्निया-हर्झेगोव्हिनातील गायकांचे तबकड्यांवरील आवाज त्या वेळी हार्वर्डच्या ग्रंथालयात सुरक्षित होते. महाराष्ट्रातील धनगरांच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण करणारे गुंथर सोनथायमर यांच्या बाबतीतही ध्वनिमुद्रणापासून ग्रंथापर्यंतचा मार्ग असाच लांबचा ठरला. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांनी मुद्रित केलेल्या दोन दीर्घ कथनांचे इंग्रजी भाषांतर ॲन फेल्डहाउस, रामदास आतकर व राजाराम झगडे यांच्याकडून २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

‘स्माइलागिच मेहो याचे लग्न’ हार्वर्डने १९७४ मध्ये दोन खंडांत छापले. एका खंडात लॉर्ड यांनी केलेले इंग्रजी भाषांतर व गायकाशी झालेली संभाषणे, दुसऱ्यात डेव्हिड बायनम यांनी संपादित केलेली मूळ संहिता. सांगितल्यापासून छापले जाईपर्यंत एकोणचाळीस वर्षे गेली होती. मालिकेला पॅरी यांचे नाव आहे, भाषांतरकार व संपादक म्हणून लॉर्ड आणि बायनम यांची नावे आहेत. कर्ता म्हणून नाव छापले आहे ते अव्दो मेजेदोविच यांचे.